नज्मियाचा पेला

ऐन सुमाक,
२० एप्रिल १९९८

प्रिय वासिफ,

तब्येत कशी आहे? तुमच्या त्या वाटाघाटींच्या हॉटेलात गार हवा सोडतात म्हणे. झोपताना गळ्याला रुमाल बांधत जा. हसू नकोस. बोलणी करणाऱ्या मंडळातल्या लोकांसाठी तू नकाशांचा मोठा जाणकार असशील, पण लहानपणी तू खोकलास की उठून छातीला तेल मीच चोळायची.

इकडे हिरवे बदाम आलेत. अबू जुहदीने दुकानासमोर टोपली मांडलीय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मिठाची पुडी फुकट देतोय. फुकट म्हणजे बदामाच्या भावात आधीच धरलेली, पण तसं म्हटलं की रागावतो. आपली ठिपक्यांची शेळी व्याली. दोन्ही पिल्लं तिच्यासारखीच हट्टी निघालीत.

आता मुख्य गोष्ट. आपल्या रिहाबला मागणी घालायला मुईनच्या घरची माणसं शुक्रवारी, एक मेला, येणार आहेत. तिचे काका होंडुरासला कापडाचं दुकान टाकून बसलेत, ते तिथून काय शब्द देणार? बाप नसलेल्या पोरीचा शब्द द्यायचा मान तुझा, मामाचा. मुईनचे आजोबा हाज मिस्बाह मागणं सांगतील आणि पेला खाली ठेवतील. तू 'मागितलंत ते दिलं, आता प्या' म्हणेपर्यंत कुणी कॉफीला ओठ लावणार नाही. तेवढ्यासाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी माग. पोरगी तोंडाने बोलत नाही, पण चार वेळा विचारून झालं, मामा येणार ना म्हणून.

रास बदरियाबद्दल विचारलं होतंस. टेकडी आहे तिथे आहे. माथ्यावर त्यांच्या वसाहतीच्या त्या चाकांवरच्या खोल्या आहेत, संध्याकाळी दिवे लागतात. झऱ्याचं पाणी जरा गढूळ येतंय, मी फडक्यातून गाळून घेते. काळजीचं काही नाही. तू तुझं काम कर. शाळेच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगून गेलास ना, की आपलं पहिलं मागणं एकच, बांधकाम थांबवा, बाकीचं त्यानंतर? लोक त्यावर भिस्त ठेवून आहेत. मीही आहे.

तुझी ताई,
नज्मिया


ऐन सुमाक,
३ मे १९९८

वासिफ,

कसा आहेस? आम्ही ठीक आहोत. शेळीचं एक पिल्लू अबू जुहदीच्या दुकानात घुसलं आणि त्याने टांगलेलं वर्तमानपत्र खाऊन टाकलं. बरं झालं. त्या अंकात तुझा फोटो होता.

तो फोटो तू पाहिला असशीलच. लांब टेबल, मधे फुलं, समोर त्यांच्या बाजूचे ते गृहस्थ, ज्यांची आई आजारी असते असं तू सांगितलं होतंस. तू हसतोयस आणि पेला तुझ्या ओठाला लागलेला आहे. नेमका त्याच क्षणाचा फोटो.

तू दुकानात फोन केलास तेव्हा माझ्या आजूबाजूला पाच-सहा जण उभे होते, म्हणून मी फार बोलले नाही. तू म्हणालास, "ताई, तो चहा होता." मी तेच सगळ्यांना सांगितलं. अबू जुहदी म्हणाला, "चहा असो नाहीतर उंटिणीचं दूध! मागायला गेलेल्या माणसाने आधी घोट घेतला. मग समोरचा कशाला देतोय?" एकजण म्हणाला, "दिलं की त्यांनी! बिस्किटंपण दिली असतील." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन भांडी आपटली.

त्याच फोनवर तू म्हणालास, शुक्रवारी येणं जमत नाही, "तूच दे शब्द माझ्या नावाने. तुझा शब्द तो माझा शब्द." हे तुला आठवत असेल. नीट आठव.

शुक्रवारी माणसं आली. दुपारच्या नमाजानंतर, हाज मिस्बाह पुढे आणि मागे गावातली सगळी वडीलधारी मंडळी. मी आईचा भरतकामाचा झगा घातला होता. रिहाबने पडद्याआडून पाहिलं आणि आत पळाली. कॉफी मी सकाळीच भाजली होती, वेलदोडा जरा जास्त घातला, तुला आवडतो तसा. घरात पुरुषमाणूस नाही म्हणून समोर मीच बसले. आलेल्या माणसांत मुईन नव्हता, त्याचा बापही नव्हता. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

हाज मिस्बाहने पेला खाली ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले.

"पोरी," ते म्हणाले, "आम्ही रिहाबसाठी नाही आलो. ती गोष्ट काढायला आत्ता कुणाला तोंड नाही. आम्ही वासिफसाठी आलोय. त्याला तिथून उठव."

मी म्हटलं, "हाजकाका, तो चाळिशीचा माणूस आहे. मी काय त्याचा कान धरून उठवू?"

"धर. आमच्यासमोर धरलेला आहेस."

"उठला तर नकाशावर आपल्या बाजूने बोट ठेवायला कोण राहणार? तो स्वतः म्हणतो तसं."

"आणि बसून काय झालं?" ते ओरडले नाहीत, वासिफ. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "तो रेघ ओढतो, ते रेघेपलीकडे घरं बांधतात. मग तो रेघ सरकवतो. तो बसलाय म्हणून जगाला वाटतं, बोलणं चाललंय, सगळं बरं आहे. त्याची खुर्ची रिकामी झाली तर निदान कुणीतरी विचारेल, का उठला म्हणून."

आता मला ते सांगायला हवं, जे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. टेकडी आहे तिथे आहे असं मी लिहिलं तेव्हा टेकडी उकरणारं यंत्र येऊन सहा दिवस झाले होते. खालच्या टप्प्यावरचा बाबांनी रचलेला दगडी बांध गेला. आईची अंजिरं मुळासकट एका बाजूला ढकलली आहेत, त्यांवर अजून पानं हिरवी आहेत. तिथे आता रस्ता आहे आणि घरांच्या पायांचे चौकोन आखलेत. झऱ्याचं पाणी दुधासारखं पांढरं येतं. मी लिहिलं नाही, कारण मला वाटलं, हे कळलं की तू तिथे नीट बोलू शकणार नाहीस, रागावशील, तुझा आवाज चढेल. तुला मी शांत ठेवलं. तू शांतपणे हसलास आणि फोटो निघाला. त्या फोटोत माझाही हात आहे.

ते समोरचे गृहस्थ चांगले असतील. आईसाठी जीव तुटणारा माणूस वाईट नसतो. पण यंत्रावर बसलेला माणूस त्यांना विचारून यंत्र चालू करत नाही ना?

तर, माणसं बसली होती. कॉफी निवायला लागली. टेकडीवरच्या यंत्राचा आवाज तेवढा येत होता. आपल्या घरातून भरले पेले सोडून माणसं उठून गेली असं बाबांच्या काळात कधी झालं नाही. मी म्हणू शकले असते, वासिफ आल्यावर विचारा. म्हणायला हवं होतं.

मी म्हटलं, "प्या."

हाज मिस्बाहने विचारलं, "कुणाच्या वतीने म्हणतेस?"

"त्याच्याच. माझा शब्द तो त्याचा शब्द, असं त्याने सांगितलंय."

आणि ते प्यायले. एका घोटात, सगळे. जाताना हाज मिस्बाहने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पुढच्या शुक्रवारी मुईनला घेऊन येतो. म्हणून तुला वाटेल, ताईने पोरीच्या लग्नासाठी मला विकलं. मी स्वतःला रोज विचारते. नाही असं छातीठोक म्हणता येत नाही. तो विचार माझ्या मनात नव्हताच असं नाही, पण 'प्या' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर अंजिरं होती.

रिहाबला सगळं कळलंय. ती म्हणते, "अम्मी, तू मामाचा शब्द माझ्यासाठी घेतलास आणि टेकडीसाठी दिलास. मामाला कळलं तर?" मी तिला म्हटलं, कळेलच, मीच लिहिणार आहे.

तू आठ वर्षं या बोलण्यांमागे घालवलीस. डोळे बिघडवून घेतलेस, बायकोशी भांडलास, गावात दोन्हीकडून शिव्या खाल्ल्यास. ते मी एका शब्दात कुणाला तरी देऊन टाकलं. तुला उठायचं नसेल तर उठू नकोस. मग मी हाज मिस्बाहच्या दारात जाऊन सगळ्यांसमोर सांगेन, की वासिफने शब्द दिला नव्हता, त्याच्या बहिणीने तो चोरला. लाज जाईल ती माझी जाईल. रिहाबचं जे होईल ते होईल, ती मजबूत आहे. पण उठलास, तर बाहेर जाऊन वर्तमानपत्रवाल्यांना फक्त एवढं सांग की बांधकाम थांबलं नाही म्हणून उठलो. माझं नाव घेऊ नकोस.

त्या दिवशी मी सगळ्यांना कॉफी दिली आणि एक पेला स्वतःसाठीही भरला होता. बाकीचे धुऊन ठेवले. तो तसाच खिडकीत आहे, टेकडीच्या बाजूला. रिहाबने दोनदा उचलला, मी हात धरला.

आता मागणारी मी आहे. तू काहीही सांग, पण सांग. तोवर मी त्याला ओठ लावणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
तुझी ताई