कॅनच्या बाहेरचा बर्फ

प्रिय मोना,

पत्र बघून दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस आणि तुझ्या सासऱ्याला मेसेज लिहिता येत नाही, म्हणून हा कागद. तू रागावून माहेरी कुरुंदवाडला गेलीस त्याला दीड महिना झाला. म्हैस धार द्यायला कुरकुर करते, आणि तुझा नवरा म्हशीपेक्षा केविलवाणा दिसतो.

त्या संध्याकाळी बावड्यात वीज गेली, डेअरीचा कूलर बंद पडला, गाडीला उशीर झाला. तू आपलं दहा लिटर दूध उशिरा घेऊन आलीस आणि मीच लॅक्टोमीटर बुडवून त्याची डिग्री बघितली. दुधात पाणी निघालं. बावीस वर्षं दुसऱ्यांचं दूध तपासणारा मी, आणि घरच्याच कॅनमध्ये पाणी. डोकं फिरलं. भरल्या रांगेसमोर मी तुला चोर म्हणालो. तू म्हणालीस, "मामा, पाण्याचा थेंब घातला न्हाय मी. मी फकस्त..." पुढचं मी बोलूच दिलं नाही.

आता मंगळवारचं ऐक. परत वीज गेली. दूध नासेल म्हणून मी सोडावाल्याकडून किलोभर बर्फ आणला, स्वच्छ धुतला आणि सरळ कॅनमध्ये सोडला. पस्तीस अंशाचं दूध पंचविसावर आलं. मी खूश. मग सवयीने डिग्री बघितली, तर तीनने खाली. तुझी सासू म्हणाली, "तिनंबी ह्येच केलतं की. दीड म्हैना सांगालोय, तुमी उठून जाताय." बर्फ दुधाची ऊब ओढून घेतो आणि स्वतः पाणी होऊन आतच राहतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. माझ्या डोक्यात मात्र एकदा चोर शिरला की दुसरं काही शिरत नाही. हा माझा जुना रोग आहे.

दुसऱ्या दिवशी रांगेसमोर दोन कॅन ठेवले. एकात बर्फ टाकला, त्याची डिग्री उतरली. दुसरा बर्फाच्या पाण्याच्या टपात उभा केला आणि दूध ढवळत राहिलो. थोड्या वेळाने टपातलं पाणी आणि दूध एकाच अंशावर आलं, आणि डिग्री जागची हलली नाही. मग सगळ्यांना सांगितलं, माझ्या सुनेने चोरी केली नव्हती, चूक केली होती, आणि तीच मीही केली. रांगेतली धोंडुबाई कशाला गप्प बसते? म्हणाली, "मग आता तुमास्नी चोर म्हणायचं का?" मी म्हणालो, म्हणा. आता डेअरीत कायमचा टप ठेवला आहे.

परत ये, असं सांगायला हे लिहिलेलं नाही. ते तुझं तू ठरव. रविवारी सकाळी मी कुरुंदवाडला येतोय. गावासमोर बोललो ते गावासमोर मागे घेतलं, पण ते ऐकायला तू नव्हतीस. तुझ्या वडिलांच्या दारात, शेजाऱ्यांदेखत, तुझी माफी मागणार आहे. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. मला वेळ आहे. त्या दिवशी तुझं वाक्य मी अर्ध्यावर तोडलं, ते पूर्ण ऐकल्याशिवाय मी उठणार नाही.

तुझाच,
मामा