मामलेदारांच्या वास्तव्याचा दाखला

पेरुंगुडी, चेन्नई
३ ऑगस्ट २००९

तीर्थरूप जयवंतीअक्कास,

धाकट्या शरदचा साष्टांग नमस्कार. (नावाआधी काय लिहायचा प्रघात आहे ते मला ठाऊक आहे. पण भाऊजींना जाऊन तीन वर्षं झाली तरी ती अक्षरं लिहिताना माझं पेन अडतं, तेव्हा नुसतं अक्काच.) इकडे सर्व क्षेम. माझा गुडघा, सूनबाईंची नोकरी आणि नातवाचं मराठी, तिन्ही जेमतेम चाललं आहे. तुझा रक्तदाब काय म्हणतो? गोळ्या घेतेस, की देवघरात ठेवून त्यांनाच हात जोडतेस?

पत्रास कारण, मामलेदार. घाबरू नकोस, प्रकृती ठणठणीत आहे. परवाच अद्वयला सांगत होतो, की तुझी आजीअक्का अकरा वर्षांची होती आणि मी आठ, तेव्हा ती विल्लिवाक्कमच्या रेल्वे क्वार्टर्समागच्या झुडपांत शिरली आणि परकराच्या ओच्यात पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव घालून घेऊन आली. आईने दोघांनाही, म्हणजे तुला आणि कासवाला, अंघोळ घातल्याशिवाय घरात घेतलं नाही. कोणी काही मागायला आलं की मान आत ओढून बसतं, म्हणून बाबांनी नाव ठेवलं मामलेदार. (बाबांचा एक अर्ज साताऱ्यात सात वर्षं पडून होता, त्याचा राग.) काय दिवस होते अक्का! दुपारी बाबांचा डबा गेला की आपण तिघं मोरीजवळच्या गार फरशीवर पालथे पडायचो, आणि तिघांत शहाणं कोण हे आईला सांगता यायचं नाही.

तर झालं असं. वेस्ट मांबलमचं घर सोडून आम्ही तन्मयच्या या नव्या फ्लॅटमध्ये आलो, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. तिथे तळमजल्याला मागे जास्वंद होती आणि मामलेदार तिच्याखाली सुखाने पेन्शन खात होते. इथे नववा मजला. पहिल्या दिवशी ते बाल्कनीच्या गजांतून खाली बघून जे आत वळले, ते दोन दिवस बाहेर आले नाहीत. (मीही नाही.) आणि आठवड्याभरात सोसायटीचं पत्रक आलं, की पाळीव प्राण्यांची नोंद करावी आणि प्राणी वेगळ्या जातीचा असल्यास परवाना जोडावा. तन्मय म्हणाला, "बाबा, कासव भुंकत नाही. गप्प बसा." पण मी पस्तीस वर्षं आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलेला माणूस, गेटपासाशिवाय खिळा बाहेर सोडला नाही. आपल्याच घरात बिनपासाचा मामलेदार ठेवायचा हे मनाला पटेना. तीन प्रतींत अर्ज केला, मामलेदारांचं वर्णन, लांबी, रुंदी, चांदण्यांची संख्या, सगळं लिहिलं, आणि वनखात्याच्या कचेरीत जाऊन उभा राहिलो.

तिथला कारकून निघाला आपल्यातला. राणोजीराव, मूळचा तंजावरकडचा. माझं नाव वाचून इतका खूश झाला की आधी कॉफी मागवली आणि मग अर्ज वाचला. वाचता वाचता त्याची कॉफी निवली. "अय्यो सार," म्हणाला, "लोकांस आम्ही धरून आणतों. आपले पायीं चालत आलेला मनुष्य तुम्हीच पहिला!" मग त्याने समजावलं, की चांदण्यांचं कासव घरी ठेवण्याचा परवाना असा नसतोच, कारण ते ठेवायचंच नसतं. कायदा बहात्तरचा आहे. म्हणजे मी परवाना मागायला म्हणून गेलो आणि गुन्ह्याची कबुली तीन प्रतींत देऊन आलो, वर पोच घेतली ती वेगळीच. आणि गंमत बघ, चौथ्या मजल्यावरच्या निधीकडे हातभर लांबीची परदेशी हिरवी घोरपड आहे, ती सोफ्यावर बसून टीव्ही बघते, तिला कोणी काही विचारत नाही. परदेशी म्हणून! सूनबाईंनी, म्हणजे ऋचाने, सुचवलंसुद्धा, की मामलेदारही परदेशी आहेत असं लिहून द्या. पण बावन्न वर्षं आपल्याकडचं मीठ (म्हणजे मुळ्याचा पाला) खाल्लेल्याला परका म्हणायचं माझ्या हातून झालं नाही.

राणोजीरावांनी शेवटी एक वाट काढली. कासव कायद्याच्या आधीपासून घरात आहे असा काही पुरावा आणा, मी मोठ्या साहेबांपुढे ठेवतो, पुढचं देवाच्या हाती. आता कासवाला कोण जन्मदाखला देणार? रात्रंदिवस आठवत बसलो आणि एकदम आठवलं, तुझ्या लग्नाचा फोटो! अक्का, तूच हट्ट धरलास की घरी कुलूप आणि मामलेदार एकटे, ते चालायचं नाही, म्हणून त्यांनाही टोपलीतून कार्यालयात नेलं. आणि व्यासराजभटजींनी "सावधान" म्हणायला आणि मामलेदारांनी अंतरपाटाखालून पलीकडे जाऊन भाऊजींच्या पायावर चढून बसायला एकच गाठ पडली. वरपक्षाच्या आत्याबाई किंचाळल्या. भटजी शांतपणे म्हणाले, देवळातही देवाआधी कासवालाच नमस्कार करतात, शुभ आहे. भाऊजींनी पाय हलवला नाही, अंतरपाट निघेपर्यंत तस्से उभे राहिले. तेव्हाच मी मनात म्हटलं, माणूस चांगला आहे. फोटोग्राफरने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. पुढे तुझ्या सासूबाईंनी फ्रेम करताना खालची पट्टी कात्रीने कापली, आणि तू ती कचऱ्यातून उचलून शिवणाच्या डब्यात ठेवलीस. मिरजेला आलो होतो तेव्हा तूच दाखवली होतीस. त्या पट्टीत मामलेदार आहेत, भाऊजींचा पाय आहे आणि स्टुडिओचं नाव व साल छापलं आहे, १९६९.

मिरजेच्या सर्वांस यथायोग्य. वडीलधारं म्हणून आता तूच उरलीस, तेव्हा जरा सांभाळून राहा.

तुझा,
शरद

ता. क. पट्टी लगेच पाठव. नीट पुठ्ठ्यात घालून.

ता. क. राणोजीराव पाहणीला घरी आले होते. उलटं करून बघितलं आणि म्हणाले, पोट सपाट आहे, ही बाई आहे. बावन्न वर्षं आपण मामलेदारीणबाईंना अहो-जाहो करत होतो, ते एका अर्थी बरंच झालं.

ता. क. पट्टी पोस्टाने पाठवू नकोस, गहाळ व्हायची. स्वतः घेऊन ये. तन्मय तिकीट काढून देईल.

ता. क. अक्का, तुझ्याशी खोटं बोलवत नाही. काल राणोजीरावांचा फोन आला. साहेब म्हणाले, फोटो असो नसो, कासव सरकारजमा करावंच लागेल. सतरा तारखेला, सोमवारी, न्यायला येणार आहेत. खटला मात्र करणार नाहीत. घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी दिवसभर बाल्कनीत त्यांच्याजवळ बसून असतो आणि चूक माझी हे त्यांना सांगतो, ते मान आत ओढून घेतात. भाऊजी गेल्यापासून तू उंबरा ओलांडला नाहीस, मीही कधी आग्रह केला नाही, ती माझी दुसरी चूक. बुधवारी तुझा फोन आला होता, तेव्हा मी स्पीकर लावून फोन खाली फरशीवर ठेवला होता. तू "शरद, जेवलास का" म्हणालीस आणि मामलेदारांनी मान पूर्ण बाहेर काढली. सोमवारच्या आत ये. पट्टी नाही सापडली तरी चालेल.