खिळ्यावरचा डबा

६ मार्च
त्या सकाळी पाणी भरून, भांडी घासून मी चुलीपुढे बसले होते. हे कोयता घेऊन वेत तोडायला निघाले. म्हटलं, खड्यांचा डबा राहिला! म्हणाले, "खडे वाजवत गेलो तर अस्वल पळेल, पण गार्ड धावत येईल!" हसतच गेले. डबा खिळ्यावर राहिला. वर्ष झालं, तिथंच आहे.

आज आठवलं, कारण शाळेच्या भिंतीवर नोटीस लागली. पुड्यांचे कागद वाचत शिकलेली मी — घडाघडा वाचली. अभयारण्यातलं आमचं गाव हलवायचं म्हणे. कारण? 'अस्वलाच्या हल्ल्यात एक इसम मृत.'
इसम!

९ मार्च
जाऊबाई म्हणाल्या, "वनखात्याच्या सभेत तूच बोल. मी तोंड उघडलं की आधी शिवी बाहेर पडते!"
झोप नाही.

१४ मार्च
बोलले! साहेब सांगत होते, हे तुमच्याच जिवासाठी. मी उठले आणि खिळ्यावरून काढून आणलेला डबा वाजवला.

"साहेब, आमची माणसं हा वाजवतच रानात जायची. अस्वल ऐकायचं, बाजूला व्हायचं. तुम्ही वाट बंद केलीत, तेव्हापासून आम्ही चोरासारखे दबकत जातो. ते दचकलं. त्याचा काय दोष? माझ्या माणसाचं मरण पुढे करून गाव उठवू नका. ते मरण माझं आहे."

मग रडू फुटलं. पुढचं जाऊबाई बोलल्या — एकही शिवी न देता!

२ एप्रिल
जिंकलो! गाव हलणार नाही. वेताची वाट दिवसा खुली. ओढ्यापलीकडचं रान अस्वलांचं, तिथं आपण पाऊल टाकायचं नाही — ही अट आम्हीच घातली. साहेब स्वतः सांगायला आले. म्हणाले, "बाई, एक डबा आमच्या गार्डलाही द्या." जाऊबाई लगेच, "फुकट नाही हं!" सगळं गाव हसलं. मीसुद्धा.
घरी आले तर सांगायला कोणी नाही. मग ह्यांच्या कोयत्यालाच सांगितलं.

३ एप्रिल
डबा वाजवत गेले. हे पडले त्या वळणावर झाडी हलली. मी थांबले, वाजवत राहिले. पिल्लाला पुढे घालून अस्वलीण ओढा ओलांडून गेली. मग मी वेत तोडला.