भ अक्षरातला एक शब्द

आई, आम्ही काही जण मिळून इथल्या बोलीतल्या शब्दांचा कोश करतोय. अक्षरं वाटून घेतली, तर माझ्या वाट्याला भ आला. भाकर, भात, भारा पटापट लिहून झाले. भगतही झाला. तो मूळचा भक्त, देवाचा माणूस; दाणे टाकून भूतबाधा बघायला कधी बसला ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. त्याच्याखाली भुताळी लिहिलं आणि दोन आठवडे माझा हात तिथंच अडलाय.

पुस्तकं सांगतात ते सोपं आहे. भूत म्हणजे जे झालं, होऊन गेलं ते. जिवंत असलेलं सगळंच भूत, म्हणून तर भूतदया. मग कधीतरी तो शब्द मेल्यावरही न गेलेल्यांपुरता उरला, आणि त्यांना पाळून लोकांवर सोडते ती भुताळी. इतकं मी शाळेत पोरांनाही शिकवलं असतं. पण हा शब्द एखाद्या बाईला चिकटतो कसा, ते कुठल्याच पुस्तकात नाही. ते मी आपल्या शेजारच्या अंगणात पाहिलं.

तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं आणि बाबा तिकडेच राहायचे, शनिवारी यायचे. मी तिसरीत होते. शेजारच्या काकीचं तान्हं सारखं रडायचं, म्हणून तिनंच तुला बोलावून त्याची दृष्ट काढायला लावली होती. आळीतल्या सगळ्या पोरांची तूच काढायचीस. तिसऱ्या दिवशी ते बाळ गेलं. मग बाळाला कोणी खाल्लं ते बघायला डोंगराकडचा भगत आला. तो सुपात तांदूळ घेऊन बसलाय. कोणीतरी एकेका बाईचं नाव घेतं, तो चिमूटभर दाणे टाकतो, जोड्या लावतो; जिच्या नावाला दाणा सुटा राहील, ती भुताळी. तुझ्या नावाला एक दाणा उरतो. एवढंच. एक तांदूळ.

"जिला काढता येतं, तिला लावता पन येतं. आमी काय आंधल्या नाय," काकी म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. आज मला तिचाही राग धरवत नाही.

"मी मीठ ओवाळलं, बाय. दुसरं काय केलं नाय," तू म्हणालीस आणि माझा हात धरून घरी आणलंस.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले. वाटेत कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. तू नेहमीसारखं पितळी पेला भरून पाणी दिलंस. मी तो घेऊन मागच्या दारी गेले आणि केळीच्या बुंध्याशी ओतला. वळले तर तू दारात उभी, हातात पिळलेलं लुगडं. लुगडं वाळत घातलंस, चारही टोकं नीट ओढून.

त्या संध्याकाळपासून तू मला पाणी देताना आधी स्वतः प्यायला लागलीस. पेला वर धरून एक घोट, माझ्यासमोर, मग तो माझ्या हातात. "घे. पानी हाय." आळी हळूहळू विसरली. काकीसुद्धा पुढे नातवाची दृष्ट काढायला तुझ्याकडेच आली आणि तू काढलीस. पण तुझा तो घोट सुटला नाही. माझ्या लग्नात, बाळंतपणात, आणि शेवटी पालघरला माझ्या घरी अंथरुणाला खिळलीस तेव्हाही. मी पाणी आणलं की पेला धरायला हात थरथरायचा, तरी एक घोट घेऊन तू तो माझ्याकडे करायचीस. तहान तुला लागलेली असायची. माझी मुलं हसायची, आजी असं का करते म्हणून विचारायची. मी सांगायचे, आमच्या गावाची रीत आहे.

कोशात मी "भगताने जिचं नाव घेतलं ती बाई" असं लिहून पुढे दुसऱ्या अर्थासाठी दोनचा आकडा टाकून ठेवलाय. त्यापुढे काय लिहू ते सुचत नाही. हा कागदही वहीतच राहील. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर कुठं पाठवू.

एक मात्र सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी पाणी ओतलं ते काकीच्या धाकानं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मागच्या दारी कोणी बघत नव्हतं. तहान लागली होती, तरी ओतलं. मला ते खरं वाटलं होतं, आई.