तुझा मेथीचा वाफा

आई, पलसाण्याची आपली चाळ पाडली, पण मागचा तुझा वाफा अजून आहे. तुला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी त्याच्या कडेला बसले की तू ओरडशील असं वाटतं, "पाय काढ, कोंब तुटतीन!"

नव्वदीतले ते दिवस. आखाजीच्या सणाला गावी गेलं की हंडाभर पाण्यासाठी तुझा जीव जायचा. म्हणून इथे दादा कामाला जायचे त्या डाइंग मिलमागे बारा महिने वाहणारा नाला पाहून तुला कोण आनंद! पाणी कधी लाल, कधी निळं. वाया कशाला घालवायचं, म्हणून तू बादल्या भरभरून मेथीला घातलंस. शेजारणींची मेथी त्याच पाण्यावर पिवळी पडायची, तुझी मात्र तरारून यायची, कारण तू वाफ्यात चुलीची राख आणि शेण कालवायचीस. सगळी चाळ तुझ्याकडे जुडी मागायला यायची आणि तुझा तोरा बघण्यासारखा असायचा.

मी सुरतेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. तुझं कौतुक मिरवायला एक जुडी सरांच्या प्रयोगशाळेत नेली. पानांत क्रोमियम आणि कॅडमियम निघालं. सर म्हणाले, "झाड तगलंय, पण खाणाऱ्याचं काय?" मी घरी येते तर तू भाकरी आणि मेथीची भाजी वाढतेयस. मी सगळं सांगून टाकते. तू ताट हातात धरून तशीच उभी. "इतली हिरवीगार से. मी काय तुमले इख खावाडस का?" मी म्हटलं, कॅन्टीनमध्ये जेवून आले. तू भाजी झाकून ठेवलीस, आणि संध्याकाळी चाळीत घरोघर जाऊन सांगून आलीस की माझी मेथी कुणी खाऊ नका. एवढं धैर्य मला अजून जमलेलं नाही.

वाफा मात्र सोडला नाहीस. नाल्याऐवजी नळाचं पाणी, मेथीऐवजी झेंडू, राख-शेण पहिल्यासारखंच. मी चिडून विचारलं तर म्हणालीस, "माटी आजारी से. तिले सोडी देऊत का?"

तेव्हापासून मी हेच करतेय गं. धातूंनी बिघडलेल्या जमिनीत पीक कसं तगवायचं, आणि धातू मुळांपाशीच कसा अडवायचा. तुझ्या वाफ्यातल्या मातीत मुळांशी राहणारे जिवाणू सापडले. राख आणि शेणखताबरोबर ते कामरेजच्या एका शेतात घातले, तर भेंडी छान आली. लोक विचारतात, हे सुचलं कसं? मी म्हणते, जुन्या पद्धतीवरून. मग घरी येऊन, तुझं नाव घेतलं नाही म्हणून स्वतःचाच राग येतो.

मागच्या महिन्यात तुझ्या वाफ्यात मेथी पेरली. परवा अहवाल आला. पानं खाण्याजोगी आहेत. दोनदा तपासून घेतलं, तुझीच लेक मी. मग लसूण-मिरचीची फोडणी देऊन भाजी केली आणि भाकरीबरोबर पोटभर खाल्ली.

हे पत्र कुठे टाकणार? वाफ्याच्या नोंदवहीत ठेवते. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये जेवले नव्हते. कडकडून भूक लागली होती, आणि तुझ्या भाजीचा वास घरभर होता.