एका हाताचा नाईक

आप्पा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीपर्यंतच शिकलो, तेव्हा आपल्या दोघांत पत्राची वेळ कधी आलीच नाही. आज लिहितोय, कारण दुपारी माझी नात वॉटर्लूहून बसने येणार आहे आणि एका कागदावर माझी सही घेणार आहे. तिने तुमच्याबद्दल जे लिहिलंय ते खरं आहे, अशी ती सही. ते खरं नाही. ते खोटं मीच तिला सांगितलंय. सकाळपासून तीनदा वर जाऊन स्टोव्ह बंद आहे का ते पाहून आलो. सून म्हणाली, "बाबा, मी बघते ना, तुम्ही खाली बसा बरं." बसलोय. मुलाच्या घरात, कॅनडात मार्कहॅमला, बेसमेंटमध्ये माझी खोली आहे. खिडकी जमिनीला टेकलेली, बाहेर बर्फ साचला की दिवसाही दिवा लावावा लागतो. बस घसरली तर काय, सही करताना तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं तर काय, असं एकेक मनात येत राहतं.

नात इतिहास शिकते. आपल्या घरात कुणी इतिहास शिकेल असं वाटलं नव्हतं. माझा मुलगा कॉम्प्युटरवाला, तो जेवताना तिला चिडवतो, "आयर्लंडचे राजे जॉब देणार आहेत का तुला?" ती म्हणते, "डॅड, निदान त्यांना ले-ऑफ नव्हता." उन्हाळ्यात ती तिकडे खोदकामाला जाऊन आली आणि फोनमध्ये फोटो घेऊन माझ्याजवळ बसली. एका उघड्या टेकडीवर गोल किल्ला. आपल्यासारखे बुरूज नाहीत, दरवाजावर कमान नाही. नुसती एक गोल भिंत, बैलगाडी उभी राहील एवढी जाड, आतून पायऱ्यापायऱ्यांची. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. फार जुन्या काळी राजे तिथे बसायचे म्हणाली. मी फोटो मोठा करायला सांगितला. पाहतापाहता माझं बोट आपोआप एका जागी थांबलं. म्हटलं, "ही डावी बाजू दुसऱ्यांनी बांधलीय. नंतर."

"व्हॉट? कशावरून?"

"खालच्या माणसांनी सांध्यावर सांधा येऊ दिलेला नाही. वरच्यांनी दिलाय, आणि फटीत दगडाच्या चिपा बाहेरून ठोकल्यात. घाई होती त्यांना."

तिने पुस्तक उघडून पाहिलं. तो भाग खरंच फार नंतर दुरुस्त केलेला होता, तिच्या पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. मग तिने मला सोडलंच नाही. हे कुणी शिकवलं, कसं शिकवलं. आणि मी तुमच्याबद्दल बोलायला लागलो. या घरात माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं, आप्पा. मी सांगत गेलो. शेताच्या बांधाला घातलेल्या दगडी ताली, विहिरींची बांधणी, पाच माणसांची टोळी आणि तुम्ही तिचे नाईक. बाभळीच्या खुंटीला गुंडाळलेली दोरी नाईकाकडेच राहायची, तो ताणील त्या रेषेत सगळ्यांचे दगड. दगड एकदा उचलला की खाली ठेवायचा नाही, हातात घेऊन त्याची जागा शोधायची, हा तुमचा नियम. भिंत झाली की तुम्ही तिच्यावरून अनवाणी चालायचात आणि एखादा दगड जरा जरी डुगडुगला तर तिथपर्यंतची भिंत उतरवायला लावायचात. ट्रॉलीवरून धोंडा घसरून तुमचा उजवा हात चिरडला आणि दवाखान्यात मनगटापासून काढला, तेही सांगितलं.

तेव्हा ती आयर्लंडच्या एका राजाची गोष्ट सांगायला लागली. अगदी सुरुवातीच्या राजांपैकी एक, खरा की कथेतला ते तिलाही ठाऊक नाही. लढाईत त्याचा हात तुटला. तिकडचा कायदा असा, की अंगात व्यंग असलेला माणूस राजा राहू शकत नाही. चांगला होता, तरी उतरवला. त्याच्या जागी दुसरा बसवला, दिसायला देखणा.

"तो कसा निघाला?" मी विचारलं.

"यूसलेस, आजोबा. एकदम कंजूष. त्याच्याकडे कुणी जेवायला गेलं तर पाहुण्याच्या सुरीला मांसाची चरबीसुद्धा लागायची नाही. मग पहिल्या राजाला वैद्याने चांदीचा हात बसवून दिला आणि तो परत आला." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आपल्या पणजोबांचं काय झालं? त्यांना पण काढलं?"

मी लगेच म्हणालो, "नाही. शेवटपर्यंत तेच नाईक होते. मी त्यांचा हात झालो."

एवढंच बोललो. तिने त्यावर पानंच्या पानं लिहिली.

तुम्हाला खरं सांगायची गरज नाही. पण काय झालं हे माहीत असलेला आता मी एकटाच उरलोय, म्हणून लिहून ठेवतो. जखम भरल्यावर तुम्ही कामावर आलात. मी चोवीस वर्षांचा, लग्न झालेला. तुम्ही उभे राहून थोट्या मनगटाने दाखवता, "तो नको, त्याच्या पलीकडचा," आणि मी उचलतो. दगड खाली ठेवायचा नाही म्हणून तो छातीशी धरून उभा राहतो, तुम्ही जागा शोधता. दिवसाला होणारी भिंत निम्म्यावर आली. टोळीतले हसायचे, "राजा बसलाय आणि परधान ओझं वाहतोय." एका सकाळी तुम्ही ओढ्यावर पाणी प्यायला गेला होतात, तेव्हा ठेकेदार मोटारसायकलवरून आला. त्याने मला विचारलं, "तुझ्या बापाला जमतंय का रे?" सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "नाही जमत." तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पुढे म्हणालो, "नजरही गेलीय आता त्यांची." तुमची नजर शाबूत होती. सुताएवढा फरक तुम्हाला वीस हातांवरून दिसायचा.

तुम्ही परत आल्यावर ठेकेदाराने तुम्हाला तिथेच, सगळ्यांदेखत सांगितलं, पोरगाच म्हणतो नजर गेलीय, दोरी त्याच्याकडे दे. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, दोरीची खुंटी काखेतून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणालात, "पहिला थर नीट धर." शिवी दिली असतीत तर बरं झालं असतं. नात सांगते, तिकडे दुसऱ्या एका टेकडीवर एक उभा दगड होता, खऱ्या राजाने त्याच्यावर पाय ठेवला की तो ओरडायचा. मी दोरी घेतली तेव्हा काहीच ओरडलं नाही. दोन वर्षांत टोळी मोडली. दोघे ऊसतोडीला गेले, मी पुण्याला वॉचमन झालो. तुम्ही त्यानंतर अकरा वर्षं जगलात. गावाबाहेरची ताल त्या दोन वर्षांत मी बांधलेली होती, तुमच्या रोजच्या वाटेवर. तिच्यावरून तुम्ही एकदाही चालला नाहीत. खालच्या चिखलातून जायचात.

मध्येच उठावं लागलं, ती आली. बस वेळेवर होती, मी उगीच घोर लावून घेतला होता. बूट काढायच्या आधीच तिने कागद पुढे केला. म्हणाली, "युनिव्हर्सिटीचा रूल आहे, आजोबा. इंटरव्ह्यू दिलेल्या माणसाची सही लागते. आधी वाचून दाखवते." इंग्रजीतून मराठी करत, अडखळत तिने वाचलं. आयर्लंडमध्ये हात गेलेल्या राजाला गादी सोडावी लागली. माझ्या पणजोबांच्या माणसांनी त्यांना जाऊ दिलं नाही. मुलगा बापाचा हात झाला.

"करेक्ट ना?"

"बाळा, तो ठेकेदार आला होता त्या दिवशी..."

"कोण? त्याचं पण टाकायचं? आजोबा, मंडेपर्यंत सबमिट करायचंय." मग जरा जवळ सरकून म्हणाली, "प्रोफेसर म्हणाल्या, हाच बेस्ट पार्ट आहे. मी लिहिताना रडले, माहितीय?"

मी सही केली. मराठीतच, पूर्ण नाव. मधलं नाव तुमचं.

आता ती वर आईशी बोलत जेवतेय. सुनेला मराठी वाचता येतं, म्हणून हे कागद इथे ठेवता येणार नाहीत. बारीक फाडून दोन वेगळ्या पिशव्यांत टाकीन, आणि तरी कुणी जुळवले तर, ही धास्ती राहीलच. तिच्या कागदातलं मात्र राहणार, कुठल्याशा लायब्ररीत, माझ्या सहीसकट. ते आता कुणी उतरवू शकणार नाही. आणि एक. तिने वाचून दाखवलं तेव्हा मला लाज वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, आप्पा. मुलगा बापाचा हात झाला, तेवढा भाग मी तिला पुन्हा एकदा वाचायला सांगितला.