टिच बटणांचा शर्ट

अणदूर,
१० जानेवारी २०२५

चि. आरोहीस आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आशीर्वाद आधीच देऊन टाकले, कारण पुढं या पत्रात त्यांना जागा मिळेल असं वाटत नाही. फोन मुद्दाम केला नाही. जीभ सुटली असती आणि भावाच्या लेकीला शिव्या दिल्याचं पाप लागलं असतं.

तू पाठवलेला ट्रेलर शेजारच्या कमलबाईच्या मोबाईलवर बघितला. काय गं हे? मल्लिकार्जुन कराटेचा बादशहा होता, चाळीस सिनेमांत विटा फोडल्या, ते दाखवा की. कोण नको म्हणतंय? पण शेवटची दोन वर्षं काढायला तो गावी आला तेव्हा अठ्ठावन्नचा होता आणि मी त्रेपन्नची. तुमच्या सिनेमात मी पंचविशीची, पाठ उघडी, किल्ल्यावर गुंडांच्या तावडीत! तो उडी मारून येतो, पाच जणांना लोळवतो आणि माझ्या मांडीवर प्राण सोडतो. कमलबाईनं विचारलं, बाई, हे कवा झालं, आमाला कसं न्हाय कळलं? तिला काय सांगू?

तुला मी विश्वासानं सगळं सांगितलं होतं. माझ्या शिलाई मशीनपाशी तो पहिल्यांदा आला तो शर्टाची काजं मोठी करून मागायला. काजं बरोबर होती. थरथरत होते ते त्याचे हात. मी आतून दाबली की लागणारी टिच बटणं शिवली आणि वर नेहमीची सात बटणं नुसती दिसायला लावली, म्हणजे चारचौघांत त्याला शर्ट स्वतःचा स्वतः घालता यावा. तिथनं आमचं सुरू झालं. यातलं एक अक्षर तुमच्या सिनेमात नाही.

आणि वर संमतीपत्रावर सही मागतेस? आपला खंडोबा सध्या नळदुर्गला आहे. दरवर्षी जातो, पण दोन्ही गावांचा लेखी करार झाल्याशिवाय देवसुद्धा वेस ओलांडत नाही. तुम्ही माझा माणूस आधी नेलात आणि कागद आता आणताय! सही मिळणार नाही. कपड्यांच्या नमुन्याला नेलेला त्याचा तो शर्ट तेवढा परत पाठव.

माया आहेच, पण आज ती रागाच्या मागं उभी आहे.

तुझी आत्या,
अयोध्या

मुंबई,
१७ जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचा राग खरा आहे. तुम्ही सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहून दिलं होतं. दिग्दर्शक म्हणाले, थरथरणारा हीरो बघायला तिकीट कोण काढणार? मी तिथली सहायक, माझं कोण ऐकतं? सही मिळाली नाही तर सिनेमा अडेल आणि माझी नोकरी जाईल.

आणखी एक कबूल करते. कपडेपटानं शर्टाची टिच बटणं काढून टाकली आणि पाठीवर ड्रॅगन छापला. मला फार उशिरा कळलं.

पण आत्या, एक विचारू? दुखणं त्यांनीच जगापासून लपवलं. लपवायची बटणं तुम्हीच शिवलीत. मग सिनेमानं लपवलं तर चुकलं कुठं?

रागावलात तरी पत्र थांबवू नका.

तुमची,
आरोही

अणदूर,
२२ जानेवारी २०२५

चि. आरोहीस आशीर्वाद, जेवढे शिल्लक आहेत तेवढे.

ड्रॅगन! ज्या माणसाला शेवटी पाल दिसली तरी मला हाक मारावी लागायची, त्याच्या पाठीवर ड्रॅगन!

चुकलं कुठं ते ऐक. जगापासून लपवलं, व्हय. पण रोज सकाळी ते हात माझ्यापुढं उघडे असायचे. बशीतला चहा सांडायचा, आणि तो हसून म्हणायचा की हीरोची फायटिंग चालू झाली. ज्यानं जन्मभर कुणाला आपला हात धरू दिला नाही, त्यानं माझ्यापासून ते लपवले नाहीत. आमचं प्रेम म्हणजे एवढंच होतं गं. तुमच्या सिनेमात तो माझ्यापासूनही लपतो. मग त्या उघड्या पाठीच्या पोरीत माझं काय उरलं?

तुझ्या पोटावर पाय द्यायचा नाही, म्हणून मी माझा करार लिहिते. त्या पोरीला माझं नाव नको. गावाचं नाव नको. तुमचा हीरो तुम्हाला लखलाभ. माझा माणूस मात्र जसा नेला तसा परत आणून द्यायचा, टिच बटणांसकट. कबूल असेल तर सही देते.

उत्तर आलं तर पुढची माया.

अयोध्या

मुंबई,
३० जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

सगळं कबूल झालं. त्या पोरीचं नाव आता मोहिनी आहे आणि गावाचं नाव गेलं. सिनेमाच्या श्रेयनामावलीतून माझंही नाव मी काढायला लावलं. नोकरी तूर्त आहे.

सोबत शर्ट पाठवतेय. ड्रॅगन खरवडला, पण पुरता निघत नाही. बटणं कपडेपटाकडून लावून घेतली नाहीत. सातही टिच बटणं माझ्या हातानं शिवलीत. टाक्यांना हसा, पण मला जवळ करा.

आरोही

अणदूर,
५ फेब्रुवारी २०२५

चि. आरोहीस भरभरून आशीर्वाद.

देव नळदुर्गहून आले आणि त्याच आठवड्यात शर्टही पोचला. सही केलेला कागद सोबत आहे. ड्रॅगनची शेपटी राहिलीय, ती मी बघते. तुला शिवण शिकवायची राहिली ही माझीच चूक. वरून तिसरं बटण उलटं शिवलंयस, दाबलं तरी लागत नाही. उसवायला कात्री हातात घेतली होती. मग आठवलं, शेवटी शेवटी टिच बटणंही त्याला जमेनात, तेव्हा तिसऱ्या बटणाशीच तो रोज अडायचा आणि मला हाक मारायचा. कात्री परत डब्यात ठेवली.

सुट्टी मिळाली की ये.

तुझी आत्या,
अयोध्या